प्रोजेक्टर लागत नाही? आधी वायरची दोन्ही तोंडं बघा



सप्टेंबर जवळ आला की आपल्या सगळ्या संस्थांची एकच धांदल असते. मार्चअखेरचा हिशेब, ऑडिट, नोटीस आणि वार्षिक सभा. मागच्या वर्षी आम्ही ठरवलं होतं की बीज खरेदीचा हिशेब नुसता वाचून दाखवायचा नाही, पडद्यावर लावायचा. किती बोटुकली आली, कुठून आली, काय दरानं आली, कटला किती, रोहू किती, मृगळ किती, सगळं एका तक्त्यात. वाचून दाखवलेला आकडा या कानातून त्या कानात जातो. डोळ्यासमोर असला की माणूस बोट दाखवून विचारतो, आणि विचारलेलं बरं असतं.

त्या दिवशी काय झालं ते सभेला आलेल्यांना आठवत असेल. प्रोजेक्टर मागून आणलेला, चांगला पण जुना. लॅपटॉप सभासदांपैकीच एकांच्या मुलीचा, नवा कोरा. प्रोजेक्टरची वायर लॅपटॉपला बसेना. मग एक पोरगा गाडी काढून कन्व्हर्टर आणायला पळाला. कन्व्हर्टर आला, सगळं व्यवस्थित बसलं, कुठंही जोर लावावा लागला नाही. आणि पडद्यावर नुसता निळा रंग. पाऊण तास तेच. वायर काढ, घाल, लॅपटॉप बंद कर, चालू कर. आमचे एक जुने सभासद, ज्यांना सगळे अण्णा म्हणतात, ते शेवटी म्हणाले, "आरं, तळ्याचं पाणी दिसाय लागलंय, पर मासं कुठं हाईत?" सभा हसली. पण हसून झाल्यावर माणसं उठायला लागली. बायकांना घरी जायचं होतं, काहींना जाळी टाकायची होती. हिशेबाचा विषय पुढच्या सभेवर ढकलला.

खरी गोष्ट त्यानंतरची आहे. आठवडाभर गावात एकच चर्चा, "पडदा मुद्दाम बंद पाडला. हिशेब दाखवायचाच नव्हता." आम्ही काय सांगणार? वायर लागली नाही हे कोणाला पटतं? पुढच्या सभेत हिशेब नीट लागला, आकडे सगळ्यांनी बघितले, शंका मिटली. पण एका चुकीच्या कन्व्हर्टरनं महिनाभर माणसं एकमेकांकडे वाकड्या नजरेनं बघत होती, हे आम्ही विसरलेलो नाही. म्हणून हा धडा. घरातल्या ज्या पोरापोरींच्या हातात सभेच्या दिवशी लॅपटॉप असतो, त्यांना हा नक्की वाचायला द्या.

पहिली गोष्ट. वायर विकत घेण्याआधी, मागून आणण्याआधी, दोन ठिकाणी बघायचं. लॅपटॉपच्या कडेला कोणतं पोर्ट आहे आणि प्रोजेक्टरच्या मागं कोणतं आहे. दोन्हींचे मोबाईलवर फोटो काढा. दुकानात तोंडी वर्णन करू नका, फोटो दाखवा. मरळीचं जाळं आणि कोळंबीचं जाळं एकाच आसाचं नसतं, हे आपल्याला कोणी शिकवावं लागत नाही. इथंही तसंच आहे, फक्त आस डोळ्यांनी मोजता येत नाही.

आता पोर्ट एकेक करून बघू.

सगळ्यात जुनं व्हीजीए. रुंद तोंड, बहुतेक वेळा निळं, दोन्ही बाजूंना हातानं पिळायचे स्क्रू. आत पाच-पाचच्या तीन ओळीत पंधरा पिना. हे आयबीएम कंपनीनं १९८७ साली आणलं. डिसेंबर २०१० मध्ये इंटेल, एएमडी आणि काही लॅपटॉप कंपन्यांनी मिळून जाहीर केलं होतं की २०१५ पर्यंत हे सोडून द्यायचं. लॅपटॉपवाल्यांनी हळूहळू सोडलंही. पण प्रोजेक्टर दरवर्षी कोण बदलतो? शाळेत, पंचायतीत, संस्थांत पूर्वी घेतलेले प्रोजेक्टर अजून चालतात आणि त्यांच्या मागं व्हीजीएच असतं. लॅपटॉप आजचा आणि प्रोजेक्टर पंधरा वर्षांपूर्वीचा, सगळी भानगड इथूनच सुरू होते.

व्हीजीएतून फक्त चित्र जातं, आवाज जात नाही. प्रशिक्षणाचा व्हिडिओ लावायचा असेल तर आवाजाची वायर वेगळी लागते, हे आधी लक्षात ठेवा. दुसरं, या वायरीच्या पिना बारीक असतात आणि वाकतात. चित्र आलं पण सगळं पिवळट दिसतंय, तर निळ्या रंगाची पिन लागलेली नाही. जांभळट-गुलाबी दिसतंय, तर हिरवी गेली. लाल गेली की सगळं निळसर-हिरवट दिसतं. प्रोजेक्टरचा दिवा गेला म्हणून लगेच घाबरू नका. वायर काढा, तोंडात बघा, वाकलेली पिन अलगद सरळ करा, दोन्ही स्क्रू पिळा. आणि एक गोष्ट, काही वायरींत मधल्या ओळीतली एक पिन मुळातच नसते. ती तुटलेली नाही, बनवतानाच तशी ठेवलेली असते. आमच्या एकानं त्याच कारणावरून चांगली वायर भंगारात टाकली होती.

दुसरं एचडीएमआय. टीव्हीच्या मागं असतं तेच. चपटं, खालच्या बाजूचे दोन कोपरे तिरके. याचं पहिलं मानक डिसेंबर २००२ मध्ये आलं. एकाच वायरीतून चित्रही जातं आणि आवाजही. लॅपटॉपला एचडीएमआय आणि प्रोजेक्टरलाही एचडीएमआय असेल तर निम्मं काम झालं, साधी वायर लावा. पण याला स्क्रू नसतात. टेबलाखालून कोणाचा पाय लागला की वायर सैल होते आणि पडदा काळा पडतो. वायर टेबलाच्या पायाला एक वेढा देऊन बांधा, ताण तोंडावर येता कामा नये. दोरीला ताण कुठं येतो हे आपल्या लोकांना काय सांगायचं!

काही ऑफिसच्या लॅपटॉपना डिस्प्लेपोर्ट असतं. एचडीएमआयसारखंच दिसतं, पण एकच कोपरा कापलेला. घाईत लोक त्यात एचडीएमआय घुसवायला बघतात. बसत नसेल तर जोर लावू नका, परत एकदा बघा.

आता टाइप-सी. नव्या मोबाईलच्या चार्जरचं छोटं, लांबट गोल तोंड, उलटं-सुलटं कसंही बसणारं. हे २०१४ साली आलं आणि यानं सगळ्यात जास्त माणसं फसवली. कारण बाहेरून सगळी टाइप-सी पोर्ट सारखीच दिसतात, आतून सारखी नसतात. काही लॅपटॉपांत त्यातून चित्र बाहेर जातं, काहींत फक्त चार्जिंग आणि पेन ड्राइव्ह चालतो. पोर्टशेजारी इंग्रजी डी अक्षरासारखी किंवा विजेच्या बाणासारखी खूण असेल तर चित्र जाण्याची आशा धरायला हरकत नाही. पण खुणा सगळ्या कंपन्या सारख्या छापत नाहीत, त्यामुळे लॅपटॉपच्या मॉडेलची माहिती बघून 'डिस्प्लेपोर्ट' किंवा 'थंडरबोल्ट' लिहिलंय का ते तपासा. वायरीचंही तसंच. मोबाईलची चार्जिंग वायर टाइप-सीची असली तरी तिच्यातून चित्र जाईलच असं नाही, बहुतेक चार्जिंग वायरींत तेवढ्या तारा नसतातच. "लॅपटॉप नको, मोबाईलच लावू" असं म्हणणाऱ्यांनाही हेच लागू. स्वस्तातल्या बऱ्याच मोबाईलमधून वायरीनं चित्र बाहेर येत नाही. सभेच्या दिवशी तो प्रयोग नको.

आता मागच्या वर्षी नेमकं काय चुकलं ते सांगतो, कारण ही चूक दुकानदारही करतात.

लॅपटॉपला एचडीएमआय होतं, प्रोजेक्टरला व्हीजीए. मधे कन्व्हर्टर पाहिजे होता. पोरानं दुकानात मागितलं, "एचडीएमआय-व्हीजीए द्या." मिळालं ते व्हीजीए टू एचडीएमआय. म्हणजे जुना लॅपटॉप नव्या टीव्हीला लावायचा कन्व्हर्टर. आपल्याला पाहिजे होता एचडीएमआय टू व्हीजीए. नाव तेच दोन, फक्त पुढं-मागं. गंमत अशी की तो चुकीचा कन्व्हर्टरही बसला! त्याचं व्हीजीएचं तोंड प्रोजेक्टरच्या मागं बसलं, दुसऱ्या बाजूला एचडीएमआयची वायर बसली, ती लॅपटॉपला बसली. सगळं बसलं म्हणजे बरोबरच असणार, असं धरून आम्ही पाऊण तास लॅपटॉपच्या सेटिंगमध्ये घुसलो होतो.

कारण समजून घ्या. व्हीजीएतून जाणारं चित्र जुन्या पद्धतीच्या कमी-जास्त होणाऱ्या विजेच्या लहरींचं असतं, म्हणजे अॅनालॉग. एचडीएमआयमधलं आकड्यांचं, म्हणजे डिजिटल. एकाचं दुसऱ्यात करायला आत चिप लागते आणि ती चिप एकाच दिशेनं काम करते. माशाच्या भाल्यासारखं आहे, आत जायचं तोंड वेगळं, उलट बाजूनं जाता येत नाही. म्हणून दुकानात असं विचारा, "लॅपटॉपमधून एचडीएमआय निघतं, प्रोजेक्टरमध्ये व्हीजीए जातं." कुठून निघतं आणि कुठं जातं, हे दोन शब्द बोलल्याशिवाय पैसे देऊ नका. पाकिटावरही 'टू' कुठल्या बाजूला आहे ते वाचा.

ओळखायची खूण हातात धरूनही कळते. बरोबर कन्व्हर्टरला लॅपटॉपमध्ये घुसणारं एचडीएमआयचं तोंड असतं आणि दुसऱ्या टोकाला व्हीजीए वायर घालायची भोकं असलेली बाजू असते. उलट्या कन्व्हर्टरला व्हीजीएच्या पिना बाहेर आलेल्या असतात. त्या उलट्याला वीज द्यायला एक बारीक यूएसबी वायरही लटकत असते. बरोबरच्या काही कन्व्हर्टरनाही अशी बारीक वायर असते. ती दिसली तर लॅपटॉपच्या यूएसबीत घाला, नाहीतर चित्र येतं-जातं करत राहतं. अगदी स्वस्तातली नुसती वायर मिळते, एका टोकाला एचडीएमआय, दुसऱ्याला व्हीजीए, मधे काहीच नाही. तोंडात चिप नसेल तर ती लॅपटॉप-प्रोजेक्टरच्या कामाची नाही. कोगनोळीतून निपाणी किंवा कोल्हापूरला गाडी काढायची म्हटली तर पेट्रोल वायरीपेक्षा महाग पडतं, तेव्हा एकदाच विचारून, पावती घेऊन, 'चाललं नाही तर परत' असं बोलून आणा.

कन्व्हर्टरला कन्व्हर्टर जोडणं शक्यतो टाळा. टाइप-सी ते एचडीएमआय, त्याला एचडीएमआय ते व्हीजीए, मग लांब वायर, असं केलं की कधी चालतं, कधी नाही. टाइप-सीतून सरळ व्हीजीए देणारा एकच कन्व्हर्टर मिळतो, तो घ्या.

वायरीची लांबी हा अजून एक घोळ. आपल्याकडं प्रोजेक्टर हॉलच्या मधे आणि लॅपटॉप व्यासपीठावर, अध्यक्षांच्या शेजारी ठेवायची हौस. मग पंधरा-वीस मीटर वायर लागते. साधी एचडीएमआय वायर पाच मीटरपर्यंत बिनघोर चालते, दहालाही चांगल्या प्रतीची असेल तर चालते, त्यापुढं भरवसा नाही. लांब पल्ल्याच्या खास वायरी असतात, त्यांना दिशा असते. एका टोकावर 'सोर्स' लिहिलेलं असतं ते लॅपटॉपला, 'डिस्प्ले' लिहिलेलं ते प्रोजेक्टरला. उलट लावली तर काही दिसत नाही. आमचं मत विचाराल तर लॅपटॉप प्रोजेक्टरजवळच ठेवा, वायर छोटी ठेवा आणि लॅपटॉपजवळ एका पोराला बसवा. अध्यक्षांनी "पुढचं पान" म्हणायचं, पोरानं बटण दाबायचं. मान कमी होत नाही.

प्रोजेक्टरच्या मागं कधीकधी दोन व्हीजीए पोर्ट असतात, शेजारी शेजारी, दिसायला सारखीच. एकावर 'कॉम्प्युटर इन' लिहिलेलं, दुसऱ्यावर 'मॉनिटर आउट'. आपल्याला 'इन' पाहिजे. 'आउट' मध्ये घातली तर जन्मभर बसा. हॉलच्या अंधारात ही बारीक अक्षरं दिसत नाहीत, म्हणून आम्ही आता प्रोजेक्टर घेतला की 'इन'शेजारी पांढऱ्या चिकटपट्टीचा तुकडा लावतो.

आता लावायचा क्रम. सगळ्या वायरी आधी लावा, मग प्रोजेक्टर चालू करा. दिवा पूर्ण उजळायला थोडा वेळ लागतो, तोवर बटणं दाबत बसू नका. मग रिमोटवर किंवा प्रोजेक्टरच्या डोक्यावर 'सोर्स' किंवा 'इनपुट'चं बटण असतं, त्यानं ज्या पोर्टला वायर लावली तेच निवडा. पडद्यावर 'नो सिग्नल' आलं तर वाईट वाटून घेऊ नका. प्रोजेक्टर शाबूत आहे, चित्र त्याच्यापर्यंत पोचलं नाही, इतकाच त्याचा अर्थ. मग लॅपटॉपवर विंडोजची खूण असलेलं बटण धरून पी दाबा. चार पर्याय येतात. 'पीसी स्क्रीन ओन्ली' म्हणजे फक्त लॅपटॉपवर. 'डुप्लिकेट' म्हणजे दोन्हीकडे तेच. 'एक्स्टेंड' म्हणजे पडदा हा लॅपटॉपचा वाढवलेला भाग. 'सेकंड स्क्रीन ओन्ली' म्हणजे फक्त पडद्यावर. आपल्याला 'डुप्लिकेट'. बऱ्याचदा 'एक्स्टेंड' लागलेलं असतं, पडद्यावर नुसतं लॅपटॉपचं पाठीमागचं चित्र दिसतं, फाइल काही दिसत नाही आणि लोक म्हणतात अडकलं. अॅपलच्या लॅपटॉपला हे बटण नसतं, तिथं सेटिंगमध्ये 'डिस्प्ले' उघडून 'मिरर' निवडायचं.

चित्र आलं पण कडा कापल्यात किंवा 'आउट ऑफ रेंज' असं लिहून आलं, तर रिझोल्यूशनचा प्रश्न. जुन्या प्रोजेक्टरचा पडदा चौकोनाकडे झुकणारा असतो, आडवे १०२४ आणि उभे ७६८ ठिपके. आताच्या लॅपटॉपचा लांबट, बहुतेक १९२० बाय १०८०. डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन १०२४ बाय ७६८ निवडलं की दोघांचं जमतं. तक्त्याचा शेवटचा रकाना, म्हणजे नेमकी एकूण रक्कम, कापली गेली तर सभेत काय होईल ते सांगायला नको.

आवाज येत नसेल आणि वायर एचडीएमआय असेल तर आवाज प्रोजेक्टरच्या बारक्या स्पीकरला गेलाय. लॅपटॉपच्या कोपऱ्यातल्या स्पीकरच्या चित्रावर जाऊन परत लॅपटॉपचा स्पीकर निवडा आणि तिथून हॉलच्या साउंडला वायर द्या.

विजेचं मात्र गांभीर्यानं घ्या. लॅपटॉप आणि प्रोजेक्टर एकाच एक्स्टेंशन बोर्डवर लावा, तीन पिनांच्या, अर्थिंग असलेल्या. दोन वेगळ्या भिंतींतून वीज घेतली आणि एकीकडं अर्थिंग नसलं तर पडद्यावर आडवे पट्टे सरकतात, साउंडमध्ये घुंईऽ असा आवाज येतो, आणि कधी लॅपटॉपच्या पत्र्याला हात लावला की मुंग्या येतात. मुंग्या आल्या तर तसंच रेटू नका, बंद करा आणि वायरमनला दाखवा. आपले लोक तळ्यावरून सरळ सभेला येतात, हात ओले असतात. ओल्या हातानं बोर्डाला हात लावू द्यायचा नाही, मग तो कोणी का असेना. आणि सभा संपली की प्रोजेक्टरची वीज भिंतीवरून बंद करू नका. आधी त्याच्या बटणानं बंद करा, आतला पंखा थांबेपर्यंत थांबा, मग पिन काढा. दिवा तापलेला असताना वारा बंद झाला तर त्याचं आयुष्य कमी होतं, आणि नवा दिवा म्हणजे चांगल्या जाळ्याचे पैसे. लाइट जाणाऱ्या गावात प्रोजेक्टरला यूपीएस द्या, हेही याचसाठी.

आपल्या सीमाभागाची एक खास अडचण आहे, तीही इथंच सांगून टाकतो. आपले काही कागद मराठीत, काही कन्नडमध्ये. मराठी जुन्या श्रीलिपीत टाइप केलेलं, कन्नड नुडीत. ज्या लॅपटॉपवर टाइप झालं तिथं नीट दिसतं, दुसऱ्या लॅपटॉपवर उघडलं की अक्षरांच्या जागी भलत्याच खुणा. वायर बरोबर, कन्व्हर्टर बरोबर, आणि पडद्यावर वाचता न येणारा हिशेब! म्हणून ज्या संगणकावर टाइप केलं तिथंच पीडीएफ करून घ्या आणि ती पेन ड्राइव्हवर द्या. पीडीएफमध्ये अक्षरं सोबत जातात. नवीन काम युनिकोडमध्येच टाइप करा. अक्षर मोठं ठेवा, शेवटच्या रांगेतल्या अण्णांना चष्म्याशिवाय दिसलं पाहिजे. एका पानावर चाळीस ओळी कोंबल्या तर दाखवलं काय आणि नाही दाखवलं काय.

बिनवायरीचंही जमतं, नव्या प्रोजेक्टरला लॅपटॉप हवेतून जोडता येतो. घरी टीव्हीवर करून बघा. सभेत आम्ही वायरीवरच विश्वास ठेवतो.

यंदा आम्ही एक कापडी पिशवी केली आहे. त्यात एचडीएमआयची पाच मीटर वायर, व्हीजीएची वायर, एचडीएमआय टू व्हीजीए कन्व्हर्टर, टाइप-सी टू एचडीएमआय एक आणि टाइप-सी टू व्हीजीए एक, आवाजाची वायर, तीन पिनांचा एक्स्टेंशन बोर्ड आणि चिकटपट्टी. प्रत्येक कन्व्हर्टरवर मराठीत लिहून ठेवलंय, 'हे तोंड लॅपटॉपला', 'हे तोंड प्रोजेक्टरला'. मागच्या वर्षीचा तो उलटा कन्व्हर्टरही ठेवलाय, त्यावर लाल पट्टी मारली आहे. कोणाच्या घरी जुना लॅपटॉप असेल आणि नव्या टीव्हीला लावायचा असेल तर तो घेऊन जा, कामाला येईल.

सभेच्या आदल्या संध्याकाळी सहा वाजता हॉलमध्ये सगळं लावून बघायचं आहे. त्याच लॅपटॉपवर, त्याच प्रोजेक्टरवर, तीच फाइल, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत. ज्या सभासदांना हिशेबावर शंका आहे त्यांनी त्या वेळीच या, खुर्च्या मांडायलाही माणसं लागतील. मागच्या वर्षी लॅपटॉप आणणारी मुलगीच यंदाही बटणावर बसणार आहे. तिनं स्वतःहून विचारलं, "काका, या वेळी मी आधी वायर बघून घेऊ का?"

पिशवी कार्यालयातल्या कपाटात आहे. लग्नाला, बारशाला, शाळेच्या कार्यक्रमाला कोणालाही न्यायला मिळेल. नेताना वहीत नाव आणि तारीख लिहा, आणताना आत सगळं आहे का ते मोजून ठेवा.